मोजा काढून पाहिलात, त्याबद्दल

आदरणीय डॉक्टर,
सप्रेम नमस्कार.

उसाच्या ट्रॉलीवरून पडून मणक्याला मार बसलेला शिरोळकडचा पेशंट, पाय आपोआप उडतो म्हणून, गेल्या महिन्यात राजारामपुरीत तुमच्याकडे आला होता. त्याची फिजिओथेरपी माझ्याकडे आहे. पेन हातात घेण्याआधी तुम्ही खाली बसलात आणि त्याचा मोजा काढलात. अंगठ्याचं नख मांसात रुतलं होतं, पू झाला होता. पायाला संवेदनाच नाही, तो सांगणार कसा? पण दुखण्याचा निरोप मेंदूपर्यंत पोचला नाही तरी मज्जारज्जूत शिरतोच, आणि मेंदूचा वरचा लगाम तुटल्यामुळे पाय पोटाशी ओढला जातो.

याआधी दोन ठिकाणी 'पाय उडतो' एवढं ऐकून बॅक्लोफेन, म्हणजे स्नायूंचा ताठपणा कमी करणारी गोळी, वाढवत नेलं. 10 मिलिग्रॅम तीनदा, मग 20 तीनदा, मग 25 तीनदा. चादर एकदाही कुणी उचलली नाही. ही गोळी मज्जारज्जूतल्या गाबा-बी रिसेप्टरवर (संदेश शांत करणाऱ्या खटक्यावर) काम करते, स्नायू ताणला की आपोआप उठणारा झटका, म्हणजे रिफ्लेक्स, दाबते. नखातला पू ती कसा काढणार? उलट दिवसभर गुंगी आली, आणि खुर्चीत सरकताना ज्या ताठ पायांवर तो भार द्यायचा, तेच लुळे पडले. त्यावर सल्ला काय, तर गोळी उद्यापासून बंद! बॅक्लोफेन असं तोडलं तर कडकपणा दुप्पट जोरानं परततो, भास होतात, फिट येते, ताप चढतो. घरच्यांनी बंद करण्याआधी विचारलं म्हणून निभावलं.

तुम्ही गुडघा आधी सावकाश वाकवलात, मग झटक्यात. सावकाश सहज वाकला, झटक्यात अडला. स्पॅस्टिसिटीची, म्हणजे मज्जारज्जूच्या इजेनंतर येणाऱ्या अशा कडकपणाची, खूण हीच. पार्किन्सनचा ताठरपणा कोणत्याही वेगाला सारखाच लागतो, त्याला ही गोळी फारशी लागू पडत नाही. मग पाय उडवणारं आणखी काही आहे का म्हणून, लघवीची नळी तुंबते का, पोट साफ होतं का, पाठीला जखम आहे का, हे विचारलंत. औषध बरंचसं लघवीवाटे जातं म्हणून मूत्रपिंडाचं काम दाखवणारा क्रिएटिनिनचा रिपोर्ट पाहिलात. नख काढलं, आणि दिवसाच्या एकूण 75 मधून आठवड्याला 10 मिलिग्रॅम असं उतरवत आणलंत.

आज 45 वर आहे. पाय क्वचित उडतो, आणि उभं राहण्यापुरता ताठपणा पायात परत आलाय. मनापासून आभार, डॉक्टर. त्याची बायको आता रोज रात्री दोन्ही मोजे काढून नखं आणि टाचा बघते.

आपला,
एक फिजिओथेरपिस्ट, कोल्हापूर