‘ओ’ गटाचे कार्ड आणि अर्धी तपासणी

गणेशोत्सवात नाशिकमध्ये रक्तदान शिबिरे भरतात, हे चांगलेच. पण बोट टोचून, काचपट्टीवरचे थेंब पाहून हातात ‘ओ पॉझिटिव्ह’चे कार्ड दिले जाते आणि माणूस ते वर्षानुवर्षे पाकिटात बाळगतो. तेवढ्यावर विसंबू नये.

रक्तगट ठरतो तो तांबड्या पेशींवरील प्रथिनांना आणि मेदांना जोडलेल्या शर्करांच्या साखळ्यांवरून. साखळीच्या टोकाला फ्यूकोज नावाची शर्करा बसली की ‘एच’ हा घटक तयार होतो. त्याला एन-ॲसिटिलगॅलॅक्टोसामाइन जोडले गेले तर ‘ए’, गॅलॅक्टोज जोडली गेली तर ‘बी’, काहीच नाही तर ‘ओ’. एवढ्याशा फरकावर जीव जाऊ शकतो! काहींच्या पेशींवर मुळात ‘एच’च नसतो. हा ‘बॉम्बे’ रक्तगट डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी १९५२ मध्ये मुंबईतून जगापुढे मांडला. काचपट्टीवर तो हुबेहूब ‘ओ’सारखा दिसतो, पण अशा रुग्णाला ‘ओ’ रक्त चढवले तर त्याच्यातील ‘एच’विरोधी प्रतिद्रव्ये त्या पेशी फोडतात. त्याला बॉम्बे गटाचेच रक्त लागते.

रक्तपेढीत रक्तद्रवाचीही उलट तपासणी होते, म्हणजे तो माहीत असलेल्या गटांच्या पेशींत मिसळून पाहतात. तो ‘ओ’ पेशींनाही एकमेकींना चिकटवू लागला की ‘बॉम्बे’ गटाची शंका येते. म्हणून मंडळांनी कार्डावर ‘प्राथमिक तपासणी’ असे ठळक छापावे आणि पेढीतला पक्का निकाल दात्याच्या मोबाइलवर पाठवण्याची व्यवस्था करावी. डीजेच्या भाड्यापुढे हा खर्च तो किती?

– एक नियमित रक्तदाता, नाशिकरोड