मॅडमच्या पोटाचं आधी सांगते

प्रिय चिमे,

काल तू फोन आपटलास त्यावर मी काही बोलणार नाहीये. बाबा 'रविवारी रस्सा करा तिचा' म्हणाले ती त्यांची नेहमीची खोड, गिरीराज कोंबडा कापला त्या दिवशी हाच माणूस डाळभात जेवून झोपला होता, आठवतंय ना. ताईने मला बजावून सांगितलंय की फक्त कोंबडीचं लिही, दुसरा विषय काढू नकोस. तर नाही काढत.

तू पाठवलेले दोन्ही व्हिडिओ नीट बघितले. पहिल्यात तुझ्या मॅडम कोंबडीला अंडं अडकलेलं, ते कुणीही सांगेल. शेपूट खाली, छाती वर, माणसासारखी ताठ उभी आणि मागचं बूड सारखं आतबाहेर होतंय, जोर करतेय आणि काही येत नाहीये. तेव्हा तू घमेल्यात कोमट पाणी घेऊन तिला पंधरा-वीस मिनिटं बसवलीस ते अगदी बरोबर केलंस, मी इथून ओरडत होते की तेल लाव तेल लाव, तर तू आधीच लावलेलं. कुठून शिकलीस गं? आजीकडून शिकायला तू तेव्हा केवढीशी होतीस. खुराडं उघडायच्या आधी आजी एकेक कोंबडी काखेत धरून करंगळीने चाचपायची आणि सांगायची, ही आज घालणार, हिला डालग्याखाली ठेवा नाहीतर जाऊन घालेल शेजाऱ्यांच्या गवतात. तू मागे मागे फिरायचीस, मला पण बघू मला पण बघू करत, आणि एकदा बोट घातलंस आणि इतकी रडलीस की तिला दुखलं असेल म्हणून, मग दोन दिवस अंडं खाल्लं नाहीस. तीच तू आज विरारच्या गर्दीतून कोंबडीला पिशवीत घालून परळला बैलघोडा हॉस्पिटलला घेऊन जातेस. मी इथे सगळ्यांना सांगते. बाबा पण सांगतात, हसतात पण सांगतात.

हां तर मुद्दा. दुसऱ्या व्हिडिओतलं वेगळं आहे. तिचं पोट दोन पायांच्या मधे लोंबतंय आणि ती पाय फाकवून चालतेय. अंडं अडकलं की आत कडक गोळा हाताला लागतो. इथे तू म्हणतेस मऊ लागतं, पाण्याच्या पिशवीसारखं. म्हणजे बलक अंड्याच्या नळीत जायच्या ऐवजी पोटात पडतोय आणि तिथे सडतोय, नाहीतर नळीलाच सूज आहे. डॉक्टरांनी पण तेच सांगितलं ना. यात टबात बसवून काही होत नाही, तेल लावून पण नाही. सुईने पाणी काढतात, अँटिबायोटिक देतात, थोडे दिवस बरं वाटतं, परत भरतं. हे मी तुला काल फोनवर सांगत होते आणि तुला वाटलं मी मारून टाक म्हणतेय. मी एवढंच म्हणत होते की तयारी ठेव मनाची.

आणि पोट फुगलं की वाट बघत बसायचं नसतं, लगेच दाखवायचं, ते तू केलंस, कोंबडीची सोनोग्राफी केलीस. कोंबडीची केलीस गं. जाऊ दे.

बघ, ही पोल्ट्रीतली पांढरी कोंबडी आहे, आपल्या गावठीसारखी नाही. आपली वर्षाला साठ-सत्तर अंडी घालते, मधेच खुडूक बसते, पिल्लं काढते, तेवढी तिच्या अंगाला सुट्टी मिळते. आणि वरच्या रानातली ती राखाडी रानकोंबडी तर एका वेळी चार-पाच, फार तर सात अंडी घालते की झालं. तुझ्या मॅडमच्या जातीतून खुडूक होणंच काढून टाकलंय, वर्षाला तीनशेच्या वर अंडी. दीड वर्षाची झाली की पोल्ट्रीवाले गाडीत भरून विकतात, कारण त्यांना माहीत असतं पुढे काय होतं ते. एक अंडं तयार व्हायला पंचवीसेक तास लागतात, त्यातले वीस तास नुसतं कवच चढायला. कवचाला दोन ग्रॅमच्या आसपास कॅल्शियम जातं, खाण्यात नसेल तर हाडातून काढते ती. आणि अंडं बाहेर ढकलायला जो जोर लागतो त्यालाही कॅल्शियमच लागतं, म्हणून कमी पडलं की आधी कवच पातळ येतं, मग अंडं अडकतं. बायकांचं पण असंच असतं, अंगातलं सगळं देऊन टाकायचं आणि वर म्हणायचं काही नाही गं आई थोडा थकवा आहे. तुझं ते महिन्याचं अजून तसंच चाललंय का? बरं बरं, नाही विचारत.

आता करायचं ते सांगते. तुमच्या अंगणातली ती ट्यूब रात्री अकरापर्यंत चालू असते, ती बंद कर. सोळा तास उजेड मिळाला की तिचं शरीर समजतं उन्हाळा आहे, घाल अंडी. पोल्ट्रीत मुद्दाम लावतात लाईट. दिवेलागणीला तिला आत घे, टोपलीवर गोणपाट टाक. अंडी थांबली तर पोटाला आराम मिळेल, त्या वरचं काही आपल्या हातात नाही. तू म्हणालीस तसं बाहेरच्या देशात कातडीखाली गोळी बसवून अंडी बंद करतात म्हणे, ते इथे होतं का डॉक्टरांना विचार. पाव आणि भात बंद, चरबी चढली की अजून त्रास. औषध चालू आहे तोवर तिचं अंडं आलं तरी तू खायचं नाही आणि शेजारच्या काकूंनाही द्यायचं नाही.

आणि बाकीच्या दोघींवर लक्ष ठेव. कधी अंडं येतं तिथून आतलं अंग बाहेर आलेलं दिसलं, लाल ओलं, तर आधी तिला वेगळी काढ, कारण बाकीच्या रक्त बघून टोचतात, आमची ती तुरेवाली तलंग अशीच गेली, मी भात लावायला गेले होते आणि येईपर्यंत टोचून टोचून काही ठेवलं नव्हतं. गार पाण्याने धुवायचं, साखर भुरभुरायची म्हणजे सूज उतरते, मग बोटाला तेल लावून हलक्या हाताने आत ढकलायचं आणि अंधारात ठेवून डॉक्टर गाठायचा. अंडं अडकलं तर ते आत फोडायचं नाही, कुणी कितीही सांगितलं तरी. कवचाचे तुकडे आत लागतात आणि मग संपलंच.

फार शिकवतेय ना. तू सगळं वाचलेलंच असणार, माझ्यापेक्षा जास्त. सॉरी. पण तू परवा मला ते पाठवलंस, की कोंबडीला अंडाशयाचा कॅन्सर आपला आपण होतो आणि म्हणून बायकांच्या कॅन्सरचा अभ्यास शास्त्रज्ञ कोंबड्यांवर करतात, ते मला पाठवायची काय गरज होती? रात्री झोप नाही लागली. मालूमावशीचं पोट पण आधी गॅस गॅस म्हणूनच सगळे बोलत होते, ओव्याचं पाणी देत होतो तिला. तू तिशीची आहेस, तुझं तसलं काही नसणार, पीसीओडी असेल, आजकाल सगळ्यांनाच असतं, ताईला पण होतं. पण तुझ्या सोनोग्राफीची चिठ्ठी दिवाळीच्या आधीची आहे चिमे. तू म्हणतेस सुट्टी मिळत नाही. मॅडमसाठी अर्धा दिवस मिळाला.

आता रागावू नकोस, हे लिहायचं नाही असं ठरवूनच बसले होते.

बाळूच्या हाती पिशवी पाठवतेय, तो रात्रीच्या गाडीने येतोय, सकाळी बोरिवलीला उतरेल, तुला फोन करेल. त्यात तिसऱ्यांची शिंपलं आहेत, धुऊन उन्हात वाळवून कुटलेली, तांदळाच्या कणीएवढी, पीठ नाही केलेलं. वेगळ्या वाटीत ठेव, दाण्यात मिसळू नकोस, ज्या कोंबडीला लागेल ती आपली टिपते. मॅडमला आता फार उपयोग नाही पण बाकीच्या दोघींना आहे. खालच्या डब्यात नाचणीचे लाडू तुझे आहेत, कोंबड्यांना घालू नकोस, तुझा भरवसा नाही.

ताई म्हणतेय शनिवारी ती मोकळी आहे, तुझ्याबरोबर येईल. पोटाच्या सोनोग्राफीला आधी भरपूर पाणी पिऊन जायचं आणि नंबर लागेपर्यंत लघवी दाबून ठेवायची, तिला सगळं माहितीये, तू फक्त किती वाजता ते तिला कळव.

आई