लिफ्टगाडीची सकाळची दहा मिनिटं

महोदय,

पावसाळ्याच्या तोंडावर फांद्या छाटणाऱ्या लिफ्टगाड्या पुन्हा रस्त्यावर आल्या आहेत. परवा आमच्या कोपऱ्यावर एक उभी होती. गाडी तोलून धरणाऱ्या चार जॅकपैकी, म्हणजे आधाराच्या पायांपैकी, एक थेट गटाराच्या झाकणावर. बकेटमध्ये, म्हणजे माणसं उभी राहतात त्या पाळण्यात, दोन पोरं. एकाच्याच अंगावर पट्टा आणि त्याचा दोर मोकळा लोंबत होता. चालकाला हटकलं तर म्हणतो, "काका, रोज असंच करतो."

मी २६ वर्षं दिवाबत्ती खात्यात वायरमन होतो. मीही तसंच करायचो. १९९८ साली तीस फुटांवर बकेट अडकली. अशा वेळी ती खाली आणायला गाडीवर हातपंप असतो. होताही, त्याचा दांडा तेवढा भांडारात! सव्वा तास मी उन्हात वर, आणि खालून एक गृहस्थ उडी मारायचा सल्ला देत होते. त्यानंतर मुकादमांनी शिस्तच लावली. सकाळी आधी गाडीखाली तेलाचा डाग आहे का बघायचं. गळती शोधायला होज, म्हणजे तेलाची नळी, हाताने चाचपायचा नाही, त्यावरून पुठ्ठा फिरवायचा. दाबाखालचं तेल सुईसारखं कातडीत घुसतं. मग खालच्या कंट्रोलने रिकामी बकेट वर नेऊन आणायची, लाल बटणाने थांबते का पाहायचं, हातपंप मारून बघायचा. दोर बकेटच्याच कड्याला अडकवायचा. खांबाला बांधला आणि बकेट सरकली, तर माणूस बाहेर ओढला जातो. विजेची तार कुठून जाते ते तर गाडी लावण्याआधीच.

याला दहा मिनिटं लागतात. कारखान्यातल्या उचलयंत्रांची वर्षातून एकदा तपासणी १९४८च्या कारखाने कायद्यातही होती. वर्षाचा दाखला हवाच, पण तो देताना जॅक गटारावर नसतो.

चालकाला बोल लावून काय होणार? त्याला पैसे झाडामागे मिळतात. दहा मिनिटं गेली तर त्याच्याच खिशातून जातात. म्हणून निविदेतच रोजच्या तपासणीचा वेळ पैशांसह लिहावा. आणि तपासणीच्या वहीत सही घ्यावी ती वर चढणाऱ्याची, ऑफिसात बसलेल्याची नव्हे.

त्या दिवशी बरीच हुज्जत घालून गाडी चार फूट पुढे घ्यायला लावली. माझा चहा तेवढा गार झाला.

– एक निवृत्त वायरमन
(नाव-गाव छापू नये, मुलगा त्याच खात्यात आहे.)