किशोर रहस्यकथेतला धागा त्या काळचाच हवा

महोदय,

दिवाळी अंकांसाठी किशोरांच्या ऐतिहासिक साहसकथा लिहिण्याचे हे दिवस. किल्ल्यात भुयार, भुयारात पेटी, पेटीत कागद, आणि कागदावर आजच्या शुद्धलेखनात स्वल्पविरामांसकट मजकूर! दहा-बारा वर्षांचे चौकस मूल इथेच पुस्तक मिटते.

पेशवाईतला कागद मोडी लिपीत असणार. आधी ओळभर रेघ ओढायची, मग तिला अक्षरे लटकवायची. शब्दांमध्ये जागा नाही, विरामचिन्हे नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. रहस्याला याहून चांगला मसाला कुठला? ‘माणसेतीनदीपाशी’ एवढीच ओळ घ्या. ‘माणसे तीन, दीपाशी’ की ‘माणसे ती, नदीपाशी’? मुलांना आधी दीपमाळेपाशी शोधू द्यावे, नदी दोन प्रकरणांनंतर सुचावी. मात्र मोडीत शब्द तोडत नाहीत हे ती ओळ येण्यापूर्वीच सांगून ठेवलेले हवे; मागाहून सांगितले तर वाचकाला फसवल्यासारखे वाटते. कागदावर इसवी सनही नको. शक १७३८ लिहावे आणि ७८ मिळवण्याचे काम मुलांवर सोडावे.

ठाणेकरांना तर कथानक शोधायला लांब जायला नको. आजचे मध्यवर्ती कारागृह म्हणजे ठाण्याचा जुना किल्ला. इंग्रजांनी कैदेत ठेवलेले दुसऱ्या बाजीरावाचे कारभारी त्रिंबकजी डेंगळे सप्टेंबर १८१६ मध्ये इथूनच निसटले. पहाऱ्याला गोरे शिपाई, त्यांना मराठी येत नव्हते. बाहेर घोड्याला खरारा करणारा मोतद्दार गाणे म्हणे आणि त्या गाण्यातूनच निरोप आत जाई. कलकत्त्याचा इंग्रज बिशप हेबर याच्या प्रवासवर्णनात त्या गाण्याचा इंग्रजी पद्यानुवाद आहे: घोडे ५५, माणसे ५४. उरलेला घोडा कुणासाठी, हे कोडे सहावीतल्या मुलालाही सुटते, आणि सुटल्यावर अंगावर काटा येतो. बडोद्याच्या गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन यांच्या १८१५ मधील खुनाचा आरोप त्रिंबकजींवर होता, हेही लपवू नये. पळणारा माणूस नायक की गुन्हेगार, हा प्रश्न मुलांना पेलतो.

चुका होतात त्या बारीकसारीक गोष्टींत. १८१६ मध्ये काडेपेटी नाही, चकमक आहे. ‘अर्ध्या तासाने’ नाही, ‘घटकाभराने’. घटका २४ मिनिटांची. बोरीबंदर-ठाणे रेल्वे १६ एप्रिल १८५३ ची, म्हणजे पाठलाग घोड्यावरून, पायी किंवा खाडीतून होडीनेच होणार. आजच्या काळातल्या मुलांना तुरुंगात शिरवू नये, कुणी सोडणार नाही. त्यांचा शोध मासुंदा तलाव, कोपिनेश्वर मंदिर, खाडीकाठ असा बाहेरून फिरवावा आणि अधूनमधून १८९३ पासून चालू असलेल्या मराठी ग्रंथसंग्रहालयात आणावा. १८८२ चे ठाणे जिल्ह्याचे गॅझेटियर, म्हणजे सरकारी माहितीग्रंथ, चाळणारी मुलगी भुयारात शिरणाऱ्या मुलाइतकीच धाडसी दाखवता येते.

संपादकांना एकच विनंती: चित्रकाराला मोडीची ओळ काढायला सांगाल, तेव्हा ती आधी मोडी जाणणाऱ्याकडून लिहून घ्या. देवनागरी अक्षरे तिरकी केली की मोडी होत नाही.

– एक वाचक, नौपाडा, ठाणे