न्यायालयाच्या जुन्या दप्तराची छाटणी

मा. संपादक,

न्यायालयांच्या जुन्या दप्तराचे स्कॅनिंग आणि छाटणी हल्ली एका दमात उरकण्याकडे कल असतो. नाशिकच्या बाबतीत ही घाई फार महागात पडेल, कारण इथले कागद मुळातच विखुरलेले आहेत. नाशिक जिल्हा झाला १८६९ मध्ये. त्याआधी नाशिक, सिन्नर, येवला हा भाग नगरकडे, तर मालेगाव, नांदगाव, बागलाण खानदेशात होते. म्हणजे तेव्हाच्या दाव्याचा माग नगर किंवा धुळ्याला काढावा लागतो. नाशिकचा कलेक्टर जॅक्सन याचा वध २१ डिसेंबर १९०९ रोजी इथल्या विजयानंद नाट्यगृहात झाला, पण खटला मुंबई उच्च न्यायालयात चालला. बाबाराव सावरकरांना जून १९०९ मध्ये काळ्या पाण्याची शिक्षा मात्र नाशिकच्या सत्र न्यायालयाने ठोठावली.

दप्तर नष्ट करण्याचे नियम उच्च न्यायालये १९१७ च्या कायद्याने करतात, त्याबद्दल तक्रार नाही. पण केवळ निकालपत्र आणि हुकूमनामा ठेवून भागत नाही. गावगाड्याचा इतिहास कैफियतीत, जबान्यांत आणि निशाण्यांत (पुरावा म्हणून दाखल केलेल्या कागदांत) असतो: मोडीतले वाटणीपत्र, गहाणखत, सावकाराच्या वहीचा उतारा. मूळ दस्त पक्षकाराला परत नेता येतो, त्यामुळे फाइलीतली नक्कल हाच कधी कधी एकमेव पुरावा उरतो.

दप्तराचा कोणताही रुमाल (कापडात बांधलेला गठ्ठा) उघडण्याआधी दाव्यांची नोंदवही स्कॅन व्हावी. ती गेली तर उरलेल्या फाइली असून नसल्यासारख्या. स्कॅनला न्यायालय, दावा क्रमांक आणि वर्ष हेच नाव द्यावे. जुनी लोहयुक्त शाई आम्लधर्मी असते, अक्षराच्या रेघेवरच कागद तुटतो. असा कागद आपोआप ओढणाऱ्या यंत्रात घातला की चिंधड्या होतात. वरून प्रतिमा घेणारा स्कॅनर वापरावा, निदान ३०० डीपीआय आणि रंगीत, म्हणजे फिकट शेरे व शिक्के वाचता येतात. गंजलेल्या टाचण्या ओढू नयेत, सैल करून काढाव्यात. चिकटपट्टी आणि लॅमिनेशन तर नकोच: पट्टीचा गोंद कागदात मुरून डाग पडतो, लॅमिनेशन पुढे सोडवता येत नाही. फाटलेल्या जागी जपानी टिश्यू (पातळ पण चिवट कागद) आणि स्टार्चची पातळ खळ लावावी, तीही शाई पाण्याने फुटत नाही हे कोपऱ्यात तपासून. ही कामे पावसाळ्यात काढू नयेत.

मोडी वाचणारा माणूस छाटणीच्या टेबलावरच बसवावा. कागद कोणत्या वर्गात टाकायचा, म्हणजे ठेवायचा की नष्ट करायचा, हे वाचल्याशिवाय ठरत नाही.

आपला,
एक अभिलेख अभ्यासक, नाशिक