लिंक फुकट, मग शिकवणीचे पाच हजार कशाचे?

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

बारावीचे आणि पदवीचे निकाल लागले की आमच्या यवतमाळ जिल्ह्यातील तालुक्यांच्या गावी एकाच धर्तीच्या जाहिराती दिसू लागतात. कधी त्या एसटी स्थानकासमोरच्या फलकावर असतात, तर कधी व्हॉट्सॲपच्या गटांत फिरतात. मजकूर मात्र तोच : ॲफिलिएट मार्केटिंग शिका, घरबसल्या महिन्याला पन्नास हजार कमवा, आजच नोंदणी केल्यास शुल्क फक्त ४,९९९ रुपये. मी कनिष्ठ महाविद्यालयात वाणिज्य शिकवतो, त्यामुळे माजी विद्यार्थी 'सर, भरू का पैसे?' असे विचारायला येतात. त्यांना जे सांगतो तेच आपल्या वृत्तपत्रातून मांडावे, म्हणून हे पत्र लिहीत आहे. हा व्यवसाय खरा आहे आणि अगदी थोड्या भांडवलात सुरू करता येतो. मात्र ते थोडके भांडवल शिकवणीतच घातले तर व्यवसायासाठी काही उरत नाही. शिवाय विदर्भाच्या खेड्यातील मुलगा किंवा मुलगी ज्या बळावर या व्यवसायात टिकू शकते, ते या शिकवण्यांत कोणी सांगतच नाही.

ॲफिलिएट मार्केटिंगचा व्यवहार समजायला अवघड नाही. ऑनलाइन विक्री करणाऱ्या कंपनीकडे नाव नोंदवले की आपल्याला आपली स्वतंत्र लिंक मिळते. त्या लिंकवरून कोणी वस्तू विकत घेतली तर कंपनी आपल्याला ठरलेले कमिशन देते आणि ग्राहकाला त्यापायी एक रुपयाही जास्त मोजावा लागत नाही. ॲमेझॉनने अमेरिकेत १९९६ साली आपला असा कार्यक्रम सुरू केला, म्हणजे ही काही काल-परवा सापडलेली खाण नव्हे. नोंदणीला शुल्क नाही. नोंदणीनंतर १८० दिवसांत किमान तीन विक्री झाल्या नाहीत तर खाते बंद होते, पण पुन्हा अर्ज करता येतो. लिंक उघडल्यापासून साधारण २४ तासांतील खरेदीच आपल्या नावावर धरली जाते. वस्तू परत गेली, किंवा पैसे माल घरी आल्यावर द्यायचे म्हणून मागवलेले पार्सल दारातूनच परत पाठवले, तर कमिशनही गेले. स्वतःच्या लिंकवरून स्वतःसाठी केलेली खरेदी चालत नाही. या साऱ्या अटी कंपनीच्या संकेतस्थळावर कोणालाही विनामूल्य वाचता येतात.

आता पन्नास हजारांचे गणित पाहू. कमिशनचा दर वस्तूगणिक बदलतो; मोबाईलसारख्या महाग वस्तूंवर तो फारच कमी असतो, कपडे आणि घरगुती वस्तूंवर बरा असतो. समजा, बॅटरीवर चालणारा दीड हजार रुपयांचा फवारणी पंप आहे आणि त्यावर पाच टक्के मिळतात, तर एका पंपामागे ७५ रुपये झाले. महिन्याला पाच हजार मिळवायचे तर ६७ पंप विकले गेले पाहिजेत. लिंक उघडणाऱ्या शंभर जणांपैकी दोघांनी खरेदी केली असे धरले, तर सुमारे ३,३५० जणांनी ती उघडायला हवी. पन्नास हजारांसाठी हाच आकडा दहापट होतो. जाहिरातीत हा हिशेब कधीच छापलेला नसतो.

यावर काही शिकवणीवाले पैसे देऊन समाजमाध्यमांवर जाहिरात करण्याचा उपाय सुचवतात. वरचाच हिशेब पुढे नेला तर त्यातील धोका कळतो. एका क्लिकमागे तीन रुपये पडले असे समजा. शंभर क्लिकचे तीनशे रुपये झाले, त्यांतून दोन पंप विकले गेले आणि हाती दीडशे आले. म्हणजे निम्मी रक्कम बुडाली. आपल्या लिंकवरील शंभरांपैकी किती जण खरेदी करतात, हे काही महिन्यांच्या नोंदींवरून कळल्याशिवाय जाहिरातीवर एक पैसाही घालू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

मग पैसे घालावेत कशात? जवळ साधा स्मार्टफोन असला तर लागणारी रक्कम फारच थोडी आहे. ब्लॉगर किंवा यूट्यूबवर लेख आणि चित्रफिती विनामूल्य ठेवता येतात. पुढे स्वतःच्या नावाचा संकेतस्थळाचा पत्ता हवा असेल तर तो वर्षाला हजार रुपयांच्या आसपास मिळतो. गावातील वारा आणि ट्रॅक्टरचा आवाज टाळण्यासाठी कॉलरला लावायचा माइक काही शे रुपयांत येतो. मोबाईलचा रिचार्ज तर आपण एरवीही करतोच. हे सारे मिळून तीन हजारांच्या आत बसते, आणि उरलेले पैसे मोडून न खाता बाजूला ठेवावेत, कारण कमिशन जमा होऊन बँकेत यायला दोन महिने सहज लागतात.

खरे भांडवल मात्र निराळे आहे आणि ते गावात आधीच पडून आहे, ते म्हणजे वापरलेल्या वस्तू. दिल्ली-मुंबईत बसून लिहिणारा माणूस डब्यातून नुकत्याच काढलेल्या वस्तूची तारीफ करतो. आपल्याकडे दोन हंगाम पऱ्हाटीत, म्हणजे कपाशीत, फिरलेला फवारणी पंप आहे, त्याची बॅटरी आता किती टाक्या चालते आणि त्याचा नोझल तालुक्याला मिळतो की नागपूरहून मागवावा लागतो, हे सांगणारा शेजारी आहे. शेतीपंपाला रात्री वीज येते तेव्हा कपाळाला बॅटरी बांधून ओलीत करणारा माणूस आहे, आणि कोणती बॅटरी पहाटेपर्यंत टिकते हे त्याच्याइतके कोणालाच ठाऊक नाही. रानडुकरे आणि रोही (नीलगायी) यांच्यापायी घेतलेली, कुंपणाला हलका विजेचा झटका देणारी सौर झटका मशीन पावसाळ्यात कशी चालते, हेही इथेच कळते. तिच्याविषयी लिहिताना, कुंपणाच्या तारेत थेट लाइनची वीज सोडणे जीवघेणे आणि बेकायदा आहे, हे प्रत्येक वेळी ठळकपणे लिहावे लागेल.

कूलरचे उदाहरण घ्या. अकोला, अमरावती आणि बुलडाणा जिल्ह्यांत पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्टा आहे आणि तेथील भूगर्भातले पाणी खारट आहे. अशा पाण्याने कूलरच्या ताट्यांवर, म्हणजे हवा गार करणाऱ्या ओल्या पडद्यांवर, क्षाराचा थर चढतो, छिद्रे बुजतात आणि ऐन मे महिन्यात हवा येईनाशी होते. वाळ्याची ताटी, गवताची ताटी आणि मधाच्या पोळ्यासारखी जाळीची ताटी यांपैकी खाऱ्या पाण्यात कोणती किती दिवस टिकते आणि पंप किती दिवसांनी धुवावा लागतो, हे दर्यापूर किंवा मूर्तिजापूरच्या एखाद्या मुलीने स्वतः पाहून मराठीत सांगितले, तर तो लेख शोधत येणारा माणूस खरोखर गरजू असेल. गरजू माणूस शंभरांत दोन नव्हे, त्याहून अधिक वेळा खरेदी करतो.

कोणती वस्तू निवडू नये, हेही गावच शिकवते. बियाणे, खते आणि औषधे आपला शेतकरी बहुतांशी कृषी केंद्रातून उधारीवर उचलतो आणि कापूस-सोयाबीन विकल्यावर हिशेब चुकता करतो. कोणतेही संकेतस्थळ त्याला दिवाळीपर्यंत थांबत नाही, म्हणून त्या मालाच्या लिंका आपल्या भागात फारशा चालणार नाहीत. रोखीने घेतल्या जाणाऱ्या, दोनशे ते दोन हजारांच्या, तालुक्याच्या बाजारात चटकन न मिळणाऱ्या वस्तू हाच आपला प्रांत समजावा. ती वस्तू आपल्या वाचकांच्या पिनकोडवर घरपोच येते की नाही, हे लिहिण्याआधी तपासावे. मेळघाटातील किंवा भामरागड-एटापल्लीकडील वाचकाला न पोहोचणाऱ्या वस्तूवर लेख लिहून उपयोग नाही.

हंगामाचे भानही हवे. सर्च इंजिनला नवा लेख शोधून वर आणायला कित्येक आठवडे, कधी महिनेही लागतात. त्यामुळे कूलरचा लेख एप्रिलमध्ये नव्हे तर जानेवारीतच लिहून ठेवला पाहिजे, आणि फवारणी पंपाचा पेरणीच्याही आधी. खेड्यात हातात रोकड खेळते ती कापूस विकल्यावर, म्हणजे साधारण दिवाळी ते संक्रांत या काळात. शिलाई मशीन, मिक्सर किंवा मुलांच्या सायकलीविषयी लिहायचे तर ती वेळ साधावी. ही दिनदर्शिका आपल्या विद्यार्थ्यांना तोंडपाठ आहे, फक्त ती या कामी येते हे त्यांना कोणी सांगितलेले नाही.

एका बाबतीत मात्र मी हात जोडून विनंती करतो. २०१७ च्या खरिपात याच यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकांची फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजुरांचे प्राण गेले. त्या जिल्ह्यातील मुलाने कमिशनसाठी 'हे औषध त्या औषधात मिसळून मारा' असे सांगू नये. मात्रा आणि मिश्रण हा कृषी विद्यापीठाचा आणि डब्यावरील लेबलचा विषय आहे. आपण हातमोजे, मुखपट्टी, चष्मा यांविषयी लिहावे. त्याची गरज मोठी आहे आणि त्यात कोणाचा जीव जाण्याचा धोका नाही. मान्यता नसलेल्या तणनाशक-सहनशील कापूस बियाण्याचा तर उल्लेखही विक्रीसाठी करू नये, अशा बियाण्याची विक्री हा गुन्हाच आहे.

कायद्याचा आणखी एक भाग शिकवण्यांत बहुधा गाळला जातो. आपल्याला कमिशन मिळते, हे वाचकाला उघडपणे सांगावे लागते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जून २०२२ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयी मार्गदर्शक तत्त्वे काढली, आणि जानेवारी २०२३ मध्ये ग्राहक व्यवहार विभागाने समाजमाध्यमांवरून शिफारस करणाऱ्यांसाठी सूचना प्रसिद्ध केल्या. शिफारस ज्या भाषेत केली त्याच भाषेत खुलासा असावा, असे त्यांत म्हटले आहे. मराठी चित्रफितीखाली बारीक इंग्रजीत दोन शब्द टाकून भागणार नाही. 'या लिंकवरून खरेदी केल्यास मला कमिशन मिळते' एवढे एक वाक्य सुरुवातीलाच लिहावे. माझ्या मते याने विक्री घटत नाही. गावाकडचा वाचक उलट मोकळे बोलणाऱ्यावरच अधिक भरवसा ठेवतो.

कराविषयी थोडक्यात सांगतो. कमिशन हे उत्पन्न आहे, त्यासाठी पॅन लागते आणि ठरलेल्या मर्यादेपुढे कंपनी करकपात करते. कमिशनवरील हा दर १ ऑक्टोबर २०२४ पासून पाचवरून दोन टक्के झाला आहे. पॅन दिले नाही तर मात्र तो वीस टक्क्यांपर्यंत जातो. एकूण उत्पन्न करपात्र नसेल तर विवरणपत्र भरून कापलेली रक्कम परत मिळते.

आता या शिकवण्यांकडे वळतो. सर्वच फसव्या असतात असे मी म्हणणार नाही. लेखन, चित्रण आणि संपादन नीट शिकवणारे लोकही आहेत. परंतु ओळखीची खूण सोपी आहे. शिकवणी घेतल्यावर 'आता हीच शिकवणी आणखी पाच जणांना विका, प्रत्येकामागे निम्मे पैसे तुमचे' असे जेथे सांगतात, तेथे विकायला दुसरी वस्तूच नसते. नवा माणूस आणण्यावरच ज्यांची कमाई चालते अशा पिरॅमिड योजनांना २०२१ च्या थेट विक्रीविषयक ग्राहक संरक्षण नियमांनी मनाई केली आहे, आणि पैशांच्या साखळी योजनांवर तर १९७८ पासूनच कायद्याने बंदी आहे. मुले या जाळ्यात आधी स्वतःचे आणि मग मामा, आत्या, वर्गमित्र अशा सगळ्यांचे पैसे घालवतात; गावात तोंड दाखवायची पंचाईत होते ती वेगळीच. टेलिग्रामवर 'चित्रफितीला लाइक करा, दीडशे रुपये घ्या' अशी सुरुवात करून पुढे 'आधी पाच हजार भरा' म्हणणारे तर सरळ लुटारूच आहेत. अशा वेळी लाज न बाळगता लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर तक्रार करावी, कारण पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी रोखता आले तरच ते परत मिळण्याची आशा असते.

या संदर्भात माझ्या दोन विनंत्या आहेत. कृषी विज्ञान केंद्रे शेतकऱ्यांना अवजारांची प्रात्यक्षिके दाखवतातच. त्यांनी अशा प्रात्यक्षिकांना गावातील पदवीधर मुलामुलींनाही बोलवावे, त्यांना अवजारे हाताळू द्यावीत आणि चित्रण करू द्यावे; त्याला वेगळा निधी लागणार नाही. दुसरी विनंती आपल्याला आहे. महिन्याच्या कमाईचा आकडा देणारी शिकवणीची छोटी जाहिरात स्वीकारताना संस्थेचा पूर्ण पत्ता, एकूण शुल्क आणि शुल्क परत मिळण्याच्या अटी जाहिरातीतच छापण्याचे बंधन आपल्या वृत्तपत्राने घालावे. ज्यांना या तीन ओळी छापायला अडचण वाटेल, त्यांची जाहिरात नाकारावी आणि यंदाच्या निकालांपासूनच तशी सुरुवात करावी.

कळावे,
आपला नियमित वाचक,
एक वाणिज्य शिक्षक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ