फाल्गुनराव कोणाचा?

सदाशिव पेठ, पुणे

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

भरत नाट्य मंदिरात गोविंद बल्लाळ देवलांच्या ‘संशयकल्लोळ’ या संगीत नाटकाच्या मध्यंतरात चहा पिता पिता तू म्हणालास, “देवलांचं यात काय आहे रे? सगळं उसनं.” तेवढ्यात घंटा झाली आणि बोलणं तिथंच राहिलं. माझ्या मनातून मात्र ते गेलं नाही.

उसनं आहे, खरंच. ‘संशयकल्लोळ’चं मूळ रूप म्हणजे १८९३ सालचं ‘फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा’ हे गद्य नाटक. ते देवलांनी आर्थर मर्फीच्या १७६१ च्या ‘ऑल इन द राँग’ या इंग्रजी नाटकावरून घेतलं आणि मर्फीनं फ्रेंच नाटककार मोलिएरच्या १६६० च्या ‘स्गानारेल’वरून. पोरगी भररस्त्यात चक्कर येऊन पडते, प्रियकराची तसबीर तिच्या हातून गळते, एक गृहस्थ तिला सावरतो, ते त्याची बायको खिडकीतून बघते आणि नंतर ती तसबीर उचलते. हे सगळं मोलिएरकडेच आहे. वाचून मी खट्टू झालो. त्या दिवशी फाल्गुनरावाची बायको कृत्तिका झालेल्या बाईंनी तसबीर पदरानं पुसून उजेडात धरली होती, आठवतं? तेही परक्याचंच, असं वाटलं.

मग नायिका रेवतीपाशी थांबलो. मोलिएरची नायिका खाऊनपिऊन सुखी घरातली; बाप तिचं लग्न दुसरीकडे ठरवतो, एवढीच तिची अडचण. देवलांनी तिला नायकिणीची मुलगी केलं, आणि इथं नाटकच बदललं. फाल्गुनरावाचा बायकोवरचा संशय हसण्यावारी जातो, पण प्रियकर अश्विनशेठचा संशय रेवतीला जाळतो, कारण तिच्याबद्दल अख्खं गाव आधीच तेच म्हणत असतं. त्याआधी देवलांनी ‘मृच्छकटिक’ हे संस्कृत नाटक मराठीत आणलं होतं. त्यातली गणिका वसंतसेनाच रेवती होऊन पेठेत राहायला आली, असं मला अगदी मनापासून वाटतं. शिवाय फाल्गुन, अश्विन, भादव्या, कृत्तिका, रोहिणी, मघा: एवढं पंचांग कुठल्या साहेबाला सुचणार?

देवलांच्या सात नाटकांत स्वतंत्र एकटं ‘शारदा’. म्हणून बाकीची सहा त्यांची नव्हेत, हे मला पटत नाही. १९१६ साली पदं घालून याच ‘फाल्गुनरावा’चं ‘संशयकल्लोळ’ झालं आणि त्याच साली देवल गेले. तेवीस वर्षांनी ज्या कथेकडे माणूस परत वळतो, ती त्याला परकी कशी म्हणायची?

तू सांगलीकर, देवलांचं हरिपूर तुझ्या शेजारचं. म्हणून तुझ्या तोंडचं ते वाक्य जास्त लागलं बघ.

पुढच्या प्रयोगाला ये, तिकिटं मी काढतो. तसबिरीचा प्रवेश येईल तेव्हा खिडकीकडे बघू नकोस, रेवतीकडे बघ.

वहिनींना नमस्कार.

तुझाच